आमचे जर्मन पिस्तूल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस भाषणाचे आमंत्रण दिले तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला. आमच्याजवळ एक जुने जर्मन पिस्तूल आहे, ही गोष्ट हुडको वसाहतीत आता कोणाला नवी नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत अनेक गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला आहे. "मुले पुण्याला किंवा परदेशी. घरात आम्ही दोघेच. उन्हाळ्यात महिनाभर घर बंद करून गावी जातो. अशा वेळी घरात एक पिस्तूल असावे काय?" प्रश्न गंभीर आहे, आणि विचारणाऱ्याच्या मनातली काळजी खरी आहे. जाता-येता त्याचे उत्तर देणे योग्य नव्हे. म्हणून आज आमच्या पिस्तुलाची हकीकत प्रथम सांगतो. उत्तर त्या हकीकतीतूनच निघेल.

प्रथम वस्तूची ओळख. आमचे पिस्तूल वॉल्थर कंपनीचे 'पी. पी.' या नावाचे आहे. जर्मन भाषेत ही अक्षरे 'पोलीस पिस्तूल' या अर्थाची आहेत. थुरिंगिया प्रांतातील त्सेला-मेलिस या गावी 1929 साली ते प्रथम तयार झाले. वजन पाऊण किलोहूनही थोडे कमी, नळी दहा सेंटिमीटरच्या आतबाहेर, मॅगझिनमध्ये आठ काडतुसे. मूळ हेतू पोलिसांसाठी असला, तरी दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यातील, विशेषतः विमानदलातील, असंख्य अधिकाऱ्यांच्या कमरेला ते होते. आमच्या पिस्तुलावर गरुडाची लहानशी छाप असून तिच्याखाली 359 हा आकडा आहे. सैन्याच्या तपासनिसाने ते पास करून घेतल्याची ती खूण.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य पोलादात गेलेले आहे. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. त्यामुळे धातूविषयी आपल्यासमोर बोलणे म्हणजे काजव्याने सूर्यासमोर मिरवण्यासारखे होईल. तरी एक गोष्ट आमच्याही डोळ्यांना दिसते. युद्धापूर्वीच्या वॉल्थरवर आरशासारखी निळी-काळी झिलई असते. आमच्या पिस्तुलावर मिलिंगच्या खुणा उघड दिसतात. म्हणजे ते युद्धाच्या उत्तरार्धातले, घाईघाईने बनविलेले. त्या घाईमागील एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. याच कंपनीचा एक कारखाना हॅम्बुर्गजवळच्या न्यूएनगामे येथील छळछावणीत होता, आणि तेथे कैद्यांकडून रायफलींचे काम सक्तीने करवून घेतले जाई. आमचे पिस्तूल तेथले नव्हे. पण यंत्राची सुबकता पाहून भारावून जाणाऱ्याने हेही विसरू नये की, ती कोणत्या राजवटीच्या सेवेत होती.

भिलाईकरांना रस वाटेल असा एक धागा येथे आहे. 1945 च्या एप्रिलमध्ये त्सेला-मेलिस अमेरिकन सैन्याच्या हाती पडले आणि त्याच उन्हाळ्यात तो प्रदेश रशियनांच्या ताब्यात गेला. वॉल्थर कुटुंब पश्चिमेस गेले आणि पुढे उल्म या शहरी त्यांनी कारखाना पुन्हा उभा केला. इकडे रशियनांनी 1951 मध्ये स्वीकारलेले त्यांचे प्रसिद्ध मकारोव्ह पिस्तूल पाहिले, तर त्यात वॉल्थरची ठेवण स्पष्ट ओळखू येते. फक्त भाग कमी, बनावट सोपी आणि जाड. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते आपली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून रशियन यंत्रांची ही 'दणकट आणि सुटसुटीत' वृत्ती आपल्या परिचयाची आहे. त्यामुळे हे आप्तसंबंध आपल्याला लगेच पटतील.

असे पिस्तूल हिंदुस्थानात कसे आले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. काही युद्धापूर्वी मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी आणली. काही युद्धानंतर परतलेल्या अधिकाऱ्यांबरोबर आली. इटलीच्या मोहिमेत आपले मराठा पलटणींतील जवान जर्मन सैन्याशी समोरासमोर लढले. यशवंत घाडगे यांनी 10 जुलै 1944 रोजी तेथेच देह ठेवला, तर नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या सैन्याच्या मशीनगनांसमोर ते धावून गेले, त्याच सैन्याच्या अधिकाऱ्यांजवळ असली पिस्तुले होती. पुढे पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनीही 1970 नंतरच्या दशकात ही जुनी पिस्तुले बदलून 9 मिलिमीटरची घेतली आणि निकाली निघालेली वॉल्थर जगाच्या बाजारात आली. आपल्याकडे मात्र ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रांच्या आयातीवर कडक बंधने आली. म्हणून युरोपात मध्यम किमतीला मिळणारी वस्तू येथे कित्येक पट महाग झाली आहे.

आता मराठी माणसाच्या मनाविषयी दोन शब्द. पिस्तूल म्हटले की आपल्याला नाशिक आठवते. सावरकरांनी लंडनहून ब्राउनिंग बनावटीची वीस पिस्तुले इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस धाडली. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या जॅक्सन या कलेक्टरवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कान्हेरे यांचे वय तेव्हा जेमतेम अठरा. ती पिस्तुले बेल्जियन होती. जर्मन पिस्तुलांचा इतिहास बंगालमध्ये घडला. 26 ऑगस्ट 1914 रोजी कलकत्त्याच्या रोडा कंपनीची 50 माउझर पिस्तुले आणि 46,000 काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. 9 ऑगस्ट 1925 रोजी काकोरीलाही माउझर पिस्तुलेच होती.

हे सर्व सांगण्याचा हेतू वीररस निर्माण करण्याचा नाही. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले आणि युरोपियनांना मोकळे सोडले होते. राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव झाले. त्या काळी ज्यांनी पिस्तूल मिळविले त्यांनी त्याची किंमत गळ्याने दिली. आम्ही मात्र स्वतंत्र देशाच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे छायाचित्र चिकटवून अर्ज केला आणि ते रीतसर घेतले. त्यांच्या पिस्तुलामागे एक ध्येय होते. आमच्या पिस्तुलामागे काय आहे, हा प्रश्न परवाना मागणाऱ्या प्रत्येकाने अर्ज भरण्यापूर्वी स्वतःस विचारावा.

आता खरेदीविषयी. आजचा शस्त्र अधिनियम 1959 सालचा असून तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्याखालचे सध्याचे नियम 2016 सालचे आहेत. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. अर्ज दिल्यावर पोलीस चौकशी होते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. घरी ते कोठे, कसे कुलूपबंद ठेवणार याचीही हमी द्यावी लागते. परवाना मिळणे हा हक्क नव्हे. कारण पटले तर तो मिळतो.

चित्रपट पाहून ज्यांच्या मनात ल्यूगर किंवा वॉल्थरचे मोठे पी-38 भरले आहे, त्यांची येथे निराशा होईल. ती 9 मिलिमीटरची आहेत, आणि ते बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. आमच्या पी. पी. चे काडतूस 7.65 मिलिमीटरचे, म्हणजे बोलीभाषेतले 'बत्तीस बोअर'. ते परवान्यावर मिळते. अलाहाबादच्या संग्रहालयात असलेले चंद्रशेखर आझादांचे कोल्ट पिस्तूलही याच काडतुसाचे. मात्र बत्तीस बोअर म्हटले की सर्व एकच, असे समजू नये. कानपूरच्या कारखान्याच्या बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरचे काडतूस निराळे असते. ते आमच्या पिस्तुलात चालत नाही आणि आमचे त्यात चालत नाही.

आमचे पिस्तूल एका दिवंगत परवानाधारकाच्या वारसांकडून परवानाधारक विक्रेत्यामार्फत आमच्याकडे आले. जुने शस्त्र घेताना कागद आधी आणि लोखंड नंतर पाहावे. स्लाइड, नळी आणि सांगाडा यांवरील क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळले पाहिजेत. एका परवानाधारकाने दुसऱ्यास थेट शस्त्र विकायचे झाल्यास, जिल्हा दंडाधिकारी अथवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबणे कायद्याने आवश्यक आहे. शिवाय आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकरास आणखी एक पायरी आहे. 1964 च्या वर्तणूक नियमांतील अठराव्या नियमानुसार, दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतल्यास एका महिन्याच्या आत वरिष्ठांस कळवावे लागते. आम्ही कळविले. पिस्तुलाची फाइल पिस्तुलाहून जड आहे, असे आमच्या घरी विनोदाने म्हटले जाते.

कागदानंतर लोखंड. जुन्या काळच्या काडतुसांतील ठिणगीच्या मसाल्यात गंज आणणारे क्षार असत. साफसफाईत हयगय झालेली नळी आतून खड्डे पडलेली असते. म्हणून उजेडाकडे धरून नळीचे आटे पाहावेत. परतीची स्प्रिंग थकली असेल तर ती बदलावी, कारण या पिस्तुलात स्लाइडचे वजन आणि ती स्प्रिंग एवढ्यावरच सारा धक्का तोलला जातो. चापाची कडी खाली ओढली की स्लाइड मागे उचलून निघते आणि हत्याराशिवाय पिस्तूल साफसफाईला मोकळे होते, ही रचना पाहून इंजिनियर मित्रांना आनंद होईल. नळीत काडतूस असले की मागच्या बाजूस एक बारीक खिळा बाहेर येतो आणि अंधारातही बोटाला लागतो. खटका दाबून घोडा खाली पाडण्याचीही सोय आहे. पण ऐंशी वर्षांच्या यंत्रावर विसंबून भरलेल्या नळीवर घोडा पाडणे शहाणपणाचे नाही. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी हे बजावले.

हे उस्ताद म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार. त्यांच्या देखरेखीखाली परवानगीने आम्ही चांदमारीवर गेलो. काडतुसांचा डबा पुण्याजवळच्या खडकीचा. काडतुसाच्या बुडावर 'के. एफ.' ही खडकीची अक्षरे पाहून फार बरे वाटले. थुरिंगियाचे पिस्तूल, खडकीचे काडतूस आणि छत्तीसगढची माती, असा तो त्रिवेणी संगम.

नेमबाजीचा अनुभव थोडक्यात सांगतो. पहिल्या गोळीस चाप लांब आणि जड लागतो, कारण त्याच ओढीत घोडा मागे जाऊन पडतो. दुसऱ्या गोळीपासून स्लाइडच घोडा मागे ठेवते, त्यामुळे चाप एकदम हलका होतो. एकाच हाताला एकाच मॅगझिनमध्ये दोन प्रकारचे चाप शिकावे लागतात. काडतूस लहान असूनही धक्का टोचरा असतो. अंगठ्याच्या बेचक्यातील मांस वर आले तर मागे येणारी स्लाइड त्याला ओरखडते. गोळीचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला तीनशे मीटरच्या जवळपास. माशी आणि मागची खाच यांतील अंतर सुमारे अर्धी वीत. त्यात माशी एक मिलिमीटर हलली की दहा मीटरवर गोळी सात-आठ सेंटिमीटर सरकते. आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांना माशी, खाच आणि लक्ष्य ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. उस्ताद म्हणाले, "साहब, माशी साफ देखिए, निशाना धुंधला रहने दीजिए." चष्म्याच्या काचा वरखाली करीत आम्ही तसे केले. दिवसाउजेडी, कानावर संरक्षक, मागे कोणी घाई करणारे नाही, समोर न हलणारा कागद. तरीही आठ गोळ्यांपैकी सर्व काळ्या वर्तुळात जाण्यास आम्हांस कित्येक महिने लागले.

श्रोतेहो, आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रात्रीचे दोन वाजले आहेत, झोपेतून उठलो आहोत, चष्मा सापडत नाही, हात कापतो आहे, आणि अंधारात कोणीतरी हलते आहे. तो चोर आहे, की रात्रीच्या गाडीने न कळवता आलेला पुतण्या? चुकलेली गोळी दारातून पलीकडे जाते, आणि पलीकडे आपल्याच वसाहतीतले बिऱ्हाड असते. कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये तो आहे. परंतु संरक्षणास आवश्यक तेवढीच इजा, अधिक नाही, ही त्याची मर्यादा आहे. ती मर्यादा नंतर न्यायालयात शांतपणे मोजली जाते. आपल्याला ती अर्ध्या क्षणात मोजावी लागते.

दुसरे असे. घरात नातवंडे येतात म्हणून पिस्तूल एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात असतात. तसेच असावयास हवे. पण मग दोन किल्ल्या शोधून, मॅगझिन भरून तयार होईपर्यंत चोर राजनांदगावला पोहोचलेला असेल. उलट भरून उशाशी ठेवावे, तर चोराच्या आधी ते एखाद्या कुतूहल असलेल्या बालकाच्या हाती जाईल. सुरक्षित ठेवलेले पिस्तूल तत्काळ उपयोगी नाही, आणि तत्काळ उपयोगी ठेवलेले सुरक्षित नाही. या पेचातून सुटण्याची युक्ती आम्हांस आजवर सापडलेली नाही.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. घर बंद करून गावी जाताना पिस्तुलाचे काय करावे? परवान्यावर त्याचे क्षेत्र लिहिलेले असते. तो छत्तीसगढपुरता असेल, तर डोंगरगड मागे टाकून गाडी दरेकशाला पोहोचली की महाराष्ट्राच्या हद्दीत आपण गुन्हेगार ठरतो. बरोबर नेता येत नाही, आणि बंद घरात ठेवता येत नाही, कारण चोराला सोन्याइतकाच त्याचा मोह. शिवाय आपले शस्त्र उद्या कोणाच्या छातीवर रोखले जाईल याची झोप उडविणारी चिंता. म्हणून प्रत्येक उन्हाळ्यात आम्ही ते परवानाधारक विक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करतो. निवडणुका आल्या की आदेशानुसार ठाण्यात जमा करतो. म्हणजे ज्या महिन्यात घराला राखण हवी, त्याच महिन्यात राखणदार बाहेरगावी! इतक्या वर्षांत त्या पिस्तुलाने आमचे रक्षण एकदाही केले नाही. आम्हीच त्याचे रक्षण करीत आलो. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "याला सांभाळण्यापेक्षा दोन नातवंडे सांभाळणे सोपे." हा अभिप्राय अपिलाच्या पलीकडचा आहे.

दसऱ्याला शस्त्रपूजा आम्हीही करतो. पिस्तूल रिकामे करून, दोनदा तपासून, पाटावर ठेवून. हवेत बार काढण्याची हौस मात्र कोणी धरू नये. 2019 च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातील असा गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मग आम्ही ते का ठेवले, असे कोणी विचारील. खरे कारण एकच. एका जागी उभे राहून, श्वास आवरून, मन माशीच्या टोकावर आणण्याची साधना आम्हांस आवडते. पण त्या साधनेसाठी लष्करी पिस्तूल लागत नाही. ज्या तरुणांना नेमबाजीची ओढ आहे त्यांनी एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी. ठराविक शक्तीखालील अशा पिस्तुलास परवानाही लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. नेमबाजीत असे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक आणले. मराठी मुलामुलींच्या हातात शस्त्र द्यायचेच असेल तर ते असे द्यावे. मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षात एअर पिस्तुलाचा एक छोटा वर्ग प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली सुरू करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यासाठी लागणारा पहिला वाटा आम्ही देऊ.

आमच्या पिस्तुलाचा पुढचा मार्गही आम्ही लिहून ठेवला आहे. चिरंजीव परदेशी आहेत, त्यांना ते नको आहे, आणि त्यात आम्हांस काही वावगे वाटत नाही. डोळ्यांना माशी दिसेनाशी झाली की ते रीतसर योग्य परवानाधारकाकडे जाईल. आम्ही आकस्मिक गेलो तर घरच्यांनी ते तत्काळ ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे, कारण परवाना माणसाबरोबर संपतो आणि लोखंड मागे उरते. परवानाधारक मित्रांनी ही एक चिठ्ठी आजच लिहावी. आपल्या मागे विधवेला आणि मुलांना ठाण्याच्या पायऱ्या नकळत झालेल्या गुन्ह्यापायी चढाव्या लागू नयेत.

आणि घराच्या राखणीचे म्हणाल, तर तिचा उपाय आपल्यासमोरच बसला आहे. आपण गावी गेलो असता ज्याच्याकडे किल्ली ठेवता येते, जो संध्याकाळी आपल्या ओसरीवरचा दिवा लावतो आणि दारात साचलेली वर्तमानपत्रे उचलतो, तो शेजारी. आपल्या माणसांपासून शेकडो कोस दूर येऊन आपण पन्नास वर्षे हे मंडळ चालविले, ते गणपती आणि नाटकांपुरते खचितच नव्हे. उन्हाळ्यात कोण कोणत्या तारखेस गावी जाणार आणि त्याचे घर कोण पाहणार, याची एक वही मंडळाच्या कचेरीत ठेवावी. तिला परवाना लागत नाही, तिचे नूतनीकरण करावे लागत नाही, आणि ती चुकून सुटत नाही.